माल्टचा डबा, हंडियाचे मडके आणि कायद्याचा दंडुका

मोठ्या शहरांतल्या शिकल्या-सवरल्या, चांगल्या पगाराच्या तरुणांमध्ये घरच्या घरी बिअर बनवण्याचा छंद आता कौतुकाचा विषय झाला आहे. परदेशात राहणारे नातेवाईक किट पाठवतात, व्हिडिओ बघून पहिला घाण घातला जातो, मित्रमंडळी जमतात आणि बनवणाऱ्याला 'ब्रूअर' ही पदवी मिळते. आपल्या चळवळीतले, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिका-इंग्लंडला गेलेले काही तरुणही यात आहेत. कुणी याला पोटापाण्याच्या पलीकडचा छंद म्हणतो, कुणी थेट "आमची संस्कृती" म्हणतो. दुसऱ्या बाजूला, असा विषय काढणेही धम्मद्रोह आहे असे मानणारे कार्यकर्ते आहेत.

आमची भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट करतो. दारूचा प्रचार करण्यासाठी हा लेख नाही. पंचशील घेतलेल्या आणि 22 प्रतिज्ञा उच्चारलेल्या माणसाने मद्य टाळावे, हे आम्हाला मान्य आहे. महाराष्ट्रात विनापरवाना मादक पेय तयार करणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे. पण दारू वाईट आहे एवढे म्हणून इतिहास संपत नाही. तेच धान्य, तोच गोडवा, तेच आंबणे एका घरात छंद ठरते आणि दुसऱ्या घरात गुन्हा. हा भेद कोणी केला, कधी केला आणि त्यातून कोणाची तिजोरी भरली, हा आमचा प्रश्न आहे.

डब्यात काय असते?

आधी वस्तू समजून घेऊ. जव भिजवून मोड आणतात आणि मोड आले की ते वाळवतात. हा झाला माल्ट. मोड येताना दाण्यात अशी विकरे तयार होतात की जी पिठाचे साखरेत रूपांतर करतात. माल्ट भरडून ठरावीक तापमानाच्या गरम पाण्यात ठेवला की गोड रस मिळतो. तो आटवून काकवीसारखा घट्ट केला की झाला माल्टचा अर्क. घरी पहिल्यांदा बिअर करणारा माणूस बहुतेक वेळा या अर्कापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात किचकट काम कारखान्यात आधीच उरकलेले असते.

साधारण 20 लिटर बिअरसाठी सुमारे 3 किलो पातळ अर्क लागतो. तो पाण्यात विरघळवून उकळायचा, त्यात हॉप नावाच्या वेलीची वाळलेली फुले टाकायची. हॉपमुळे कडवटपणा येतो आणि पेय लवकर नासत नाही. या उकळलेल्या गोड रसाला इंग्रजीत वॉर्ट म्हणतात. तो 20 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करून त्यात यीस्ट टाकतात आणि झाकणाला असा एअरलॉक लावतात की आतला वायू बाहेर जाईल, बाहेरची हवा आत येणार नाही. यीस्ट साखर खाते, अल्कोहोल आणि कार्बन डाय ऑक्साइड सोडते. आठ ते पंधरा दिवसांत आंबणे थांबते. हायड्रोमीटर बुडवून घनता मोजली तर ती 1.045 वरून 1.010 पर्यंत उतरलेली दिसते, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल तयार झाले. मग थोडी साखर घालून बाटल्या भरतात आणि फेस धरायला दोनेक आठवडे ठेवतात. या सगळ्या खटाटोपात निम्मे काम भांडी निर्जंतुक करण्याचे असते. उकळल्यानंतर ज्या भांड्याला रस लागतो ते स्वच्छ नसेल तर घाण आंबट होऊन फुकट जातो.

आता झारखंड-ओडिशातली हंडिया घ्या. भात शिजवून पसरवून थंड करतात. त्यात 'रानू' नावाच्या, तांदळाचे पीठ आणि जंगलातल्या मुळ्यापाल्यांपासून केलेल्या गोळ्या चुरून मिसळतात आणि मडक्यात झाकून ठेवतात. तांदळाला मोड आणलेले नसतात, म्हणून पिठाची साखर करण्याचे काम रानूतली बुरशी करते आणि साखरेचे अल्कोहोल करण्याचे काम त्यातलेच यीस्ट करते. म्हणजे जवाच्या बिअरमध्ये दोन टप्प्यांत होणारे काम इथे एका मडक्यात एकाच वेळी होते. आसामच्या मिसिंग लोकांचे आपोंग याच कुळातले. प्रयोगशाळा, हायड्रोमीटर, थर्मामीटर यांपैकी काहीही हाताशी नसताना ही जाण पिढ्यानपिढ्या मुख्यतः बायकांनी जपली. जीवशास्त्राच्या पुस्तकात हिला किण्वन म्हणतात. समाजात मात्र तिला मिळालेले नाव 'मागासलेपण' हे आहे.

एक फरक इथेच नोंदवून ठेवू, कारण पुढे तो कामाला येणार आहे. बिअर आणि हंडिया ही आंबवलेली पेये आहेत. हातभट्टीची दारू ही आंबवलेला रस उकळून, त्याची वाफ गार करून काढलेली, म्हणजे ऊर्ध्वपातित असते.

सुरा : मनूची बंदी आणि बुद्धाचे शील

धान्यापासून आंबवलेले पेय हे मानवजातीच्या सर्वांत जुन्या कौशल्यांपैकी एक आहे. सुमेरियन लोकांची बिअरची स्वतंत्र देवता होती, निन्कासी नावाची, आणि ती स्त्री होती. आपल्याकडे 'सुरा' हा शब्द आज सरसकट दारूसाठी वापरतात, पण जुन्या ग्रंथांत त्याचा अर्थ जास्त नेमका आहे. पाली विनयपिटकात भिक्खूंना मद्यपान निषिद्ध करणारा नियम आहे आणि तिथे सुरेचे प्रकार दिले आहेत : पिठापासूनची, अपूपापासूनची, भातापासूनची, किण्व टाकून केलेली आणि निरनिराळी द्रव्ये मिसळून केलेली. फुले, फळे, मध, गूळ यांच्या आसवांना 'मेरय' असे वेगळे नाव आहे. म्हणजे पाचव्या शीलात ज्या सुरेचा उल्लेख आहे ती मूळची धान्याचीच, आजच्या भाषेत बिअरच्या जातकुळीची.

बुद्धाने ती का टाळायला सांगितली? शीलातच कारण दिले आहे : प्रमाद, म्हणजे भान सुटणे, बेसावध होणे. ज्याने स्वतःचे मन स्वतः घडवायचे आहे त्याने ते बेहोश करू नये. हे कारण माणसाच्या जातीवर अवलंबून नाही. राजालाही तेच आणि मजुरालाही तेच. हे शील कुणी लादत नाही, घेणारा ते आपल्या तोंडाने घेतो.

आता मनुस्मृती पाहा. अकराव्या अध्यायात सुरापान हे महापातक ठरवले आहे. गूळ, पीठ आणि मोह-मधासारख्या गोड द्रव्यांपासूनची असे सुरेचे तीन प्रकारही तिथे आहेत. पण बंदी कोणाला? ब्राह्मण, क्षत्रिय आणि वैश्य या तीन वर्णांना. कारण काय? सुरा हा अन्नाचा मळ आहे आणि ती ब्राह्मणाच्या अंगात गेली की त्याचे ब्राह्मण्य जाऊन तो शूद्रत्वाला पोचतो. शूद्राचे मन बेहोश झाले तर मनूला त्याची पर्वा नाही. चौथ्या अध्यायात ज्यांचे अन्न घेऊ नये त्यांच्या यादीत मद्य विकणारा शौंडिक आहे, आणि त्याच्या शेजारी धोबी आणि रंगारीही आहेत.

हा फरक आपल्या तरुणांनी पाठ करून ठेवावा. बुद्ध दारूला नकार देतो तो भानासाठी, मनू नकार देतो तो सोवळ्यासाठी. दोघांचे शब्द वरवर सारखे दिसतात म्हणून त्यांना एका पंगतीत बसवायचे नाही. आज दारूबंदीच्या नावाने जे बोलले जाते त्यातले बरेचसे दुसऱ्या परंपरेतून आलेले असते आणि पहिल्या परंपरेचा सदरा घालून फिरते.

हात गुलामाचे, नाव मालकाचे

माल्टचा डबा ज्या देशांतून आला तिथेही हे पेय बनवण्याचा इतिहास समतेचा नाही. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या माँटिसेलो या मळ्यावर बिअर होत असे. तिथे माल्ट करण्याचे आणि बिअर बनवण्याचे काम करत होता पीटर हेमिंग्ज हा गुलाम. 1813 मध्ये जोसेफ मिलर नावाच्या इंग्रज ब्रूअरकडून तो हे काम शिकला आणि त्यात तरबेज झाला. जव नसेल तर मोड आणायचे कशाला, रस कधी थंड करायचा, हे सारे ज्ञान त्याच्या हातात होते. पण तो स्वतः दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत होता. 'राष्ट्रपित्यांची बिअर' म्हणून जेफरसनचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे, हेमिंग्जचे थोड्यांना. 1873 मध्ये महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी लोकांना अर्पण केले, तेव्हा ते नेमक्या याच व्यवस्थेकडे बोट दाखवत होते : श्रम आणि कौशल्य एकाचे, मान दुसऱ्याचा.

पुढे 17 जानेवारी 1920 पासून अमेरिकेत संपूर्ण दारूबंदी लागू झाली. वोल्स्टेड कायद्याने घरी फळांचा रस आणि सायडर करण्याला पळवाट ठेवली, बिअरला ठेवली नाही. बिअर हे मुख्यतः शहरी कामगारांचे आणि जर्मन स्थलांतरितांचे पेय होते. मग मोठ्या बिअर कंपन्यांनी काय केले? ॲनहायझर-बुश आणि पॅब्स्टसारख्या कंपन्यांनी माल्टचा अर्क डब्यात भरून किराणा दुकानांत विकला. पाव-बिस्किटे भाजायला उपयोगी, असे जाहिरातीत सांगायचे. लोक तो घरी नेऊन त्याची बिअर करायचे, हे विकणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि पोलिसालाही ठाऊक होते. कंपनी कायद्यात बसत होती आणि पकडला जाणारा स्वयंपाकघरातला माणूस होता. आज छंद म्हणून ज्या डब्यापासून सुरुवात केली जाते त्याची ही कुळकथा आहे.

5 डिसेंबर 1933 ला तिथली दारूबंदी उठली, तरी घरी बिअर करणे बेकायदाच राहिले. 14 ऑक्टोबर 1978 ला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ते मोकळे झाले : प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन, स्वतःपुरते, विक्रीसाठी नाही. इंग्लंडमध्ये घरी बिअर करायला 1880 पासून परवाना लागत होता, ती अट 1963 मध्ये गेली. म्हणजे ज्याला आज 'पाश्चात्त्यांची मोकळीक' म्हणतात तीही आपोआप आलेली नाही. ज्या वर्गाच्या हातात मतदान, पैसा आणि आवाज होता त्याने ती सरकारकडून मिळवली.

डर्बनच्या बायका

ज्यांच्या हातात यांपैकी काहीच नव्हते त्यांचे काय झाले, ते पाहायला दक्षिण आफ्रिकेत जावे लागते. झुलू घरांत ज्वारीची बिअर, उत्श्वाला, बायका करत. शहरात मजुरीसाठी आलेल्या पुरुषांना ती विकून अनेक बायका पोरे पोसत होत्या. 1908 च्या कायद्याने नाताळ वसाहतीतल्या नगरपालिकांना आफ्रिकी लोकांसाठी बिअर बनवण्याची आणि विकण्याची मक्तेदारी घेता आली. डर्बनने ती 1909 पासून राबवली. बायकांची बिअर गुन्हा झाली आणि नगरपालिकेचे बिअर हॉल उभे राहिले. त्या उत्पन्नातून काय चालले? आफ्रिकी मजुरांना कोंडून ठेवणाऱ्या बराकी, त्यांच्यावर पाळत ठेवणारे पोलीस आणि त्यांचे पास तपासणारी कचेरी. काळ्या मजुराच्या घोटाघोटातून त्याच्याच बेडीचा खर्च वसूल होत होता. या पद्धतीला पुढे 'डर्बन पद्धत' असेच नाव पडले.

लोक गप्प बसले नाहीत. 1929 मध्ये डर्बनच्या बिअर हॉलवर बहिष्काराची चळवळ झाली. जून 1959 मध्ये कॅटो मॅनर वस्तीत नगरपालिकेच्या माणसांनी बायकांची दारूची साधने फोडली, तेव्हा बायका काठ्या घेऊन बिअर हॉलमध्ये शिरल्या आणि पिणाऱ्या पुरुषांना हाकलून बाहेर काढले. 1976 च्या सोवेटो उठावात शाळकरी मुलांनी बिअर हॉल जाळले, कारण आपल्या बापांना झिंगवत ठेवून राज्य करणारी जागा ती हीच, हे त्यांना दिसत होते. आम्हाला या इतिहासात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. बनवण्याचा हक्क मागणाऱ्या बायका आणि पिण्याचे अड्डे जाळणारी मुले यांच्यात विरोध नाही. दोघांचा शत्रू एकच होता : त्यांच्या जगण्यावरचा दुसऱ्याचा मक्ता.

अबकारी : आपल्या घामाचे दोन रुपये

नेमके हेच इंग्रज सरकारने आपल्याकडे त्याआधीच केले होते. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू बनवणे, ताडी काढणे आणि विकणे परवान्याखाली आणले. खेड्यापाड्यांत स्वतःपुरते होणारे पेय गुन्हा ठरले आणि मक्तेदारांची दुकाने कायदेशीर ठरली. 1892 च्या मोह कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. आदिवासीच्या दारातल्या झाडाखाली पडलेले फूल, जे दुष्काळात अन्न म्हणून खाल्ले जाई, ते घरात ठेवले म्हणून त्याला पकडता येऊ लागले. दुकाने वाढली, कारण सरकारला महसूल हवा होता. 1880 मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली, ती याच धोरणाविरुद्ध होती. सोवळे मोडते असे कारण त्यांनी दिले नव्हते. गरिबांच्या घरांची आणि आरोग्याची होणारी धूळधाण हे त्यांचे कारण होते.

1922 मध्ये पालघरच्या किनाऱ्यापासून सुरू झालेली देवीची चळवळ दक्षिण गुजरातच्या आदिवासींमध्ये पसरली. देवीचा आदेश म्हणून आदिवासींनी दारू-ताडी सोडली आणि दारूच्या मक्तेदारांचा बहिष्कार केला. ज्यांच्या कर्जाच्या वहीत त्यांच्या जमिनी अडकल्या होत्या तेच हे मक्तेदार. वरून आलेल्या सुधारकाने शिकवले म्हणून ही दारू सुटली नाही. मालकाचा फास सोडवण्यासाठी लोकांनी ती आपणहून सोडली. शील आणि बंदी यांच्यातला फरक समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

बाबासाहेबांनी काय म्हटले

12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर दरडोई 14 आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई 2 रुपयांहून जास्त वसूल करते. निदान दारूतून जेवढे घेता तेवढे तरी लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. दारूच्या प्रश्नावर त्यांची नजर कुठे होती, ते यातून कळते. पैसा कोणाच्या खिशातून येतो आणि कोणासाठी जातो, हा त्यांचा प्रश्न होता.

24 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत आजच्या अनुच्छेद 47 वर, तेव्हाच्या मसुद्यातील अनुच्छेद 38 वर, चर्चा झाली. मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, अशी दुरुस्ती आली. मद्रासचे अनुसूचित जातीचे सदस्य व्ही. आय. मुनिस्वामी पिल्ले यांनी तिला पाठिंबा दिला. कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर यांनी विरोध केला. जयपाल सिंग मुंडा उठले आणि त्यांनी सांगितले की तांदळाची बिअर ही आदिवासींच्या धर्माचा आणि शेतकामाचा भाग आहे. दिवसभर गुडघाभर पाण्यात उभे राहून भाताची लावणी करणाऱ्या संथाळाचे पेय काढून घ्याल तर लावणीच होणार नाही. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली, पण जयपाल सिंगांना उत्तर देताना दोन गोष्टी पुढे केल्या. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याने राज्यावर लगेच सक्ती येत नाही. आणि आदिवासी भागांसाठी मसुद्यात वेगळी व्यवस्था आहे.

ती व्यवस्था कागदावरच राहिली नाही. संविधानाच्या सहाव्या अनुसूचीचा परिच्छेद 12 उघडून वाचा. आसामच्या स्वायत्त जिल्ह्यांत, ऊर्ध्वपातित नसलेल्या मद्याच्या सेवनाला मनाई किंवा मर्यादा घालणारा राज्याचा कायदा तिथली जिल्हा परिषद तसे सांगत नाही तोपर्यंत लागू होत नाही. वर आम्ही आंबवलेले आणि ऊर्ध्वपातित असा जो फरक सांगितला तो भारताच्या संविधानाने ओळखला आहे. मडक्यातली भाताची बिअर आणि भट्टीची दारू संविधानाने एका तराजूत टाकली नाही, आणि निर्णय दिला तो त्याच लोकांच्या निवडून आलेल्या परिषदेच्या हाती.

1951 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करण्याची मागणी होती. तिथले कारण आज घरी बिअर करणाऱ्या आपल्या पोरांनी नीट वाचावे. दारूबंदीमुळे दारू बनवणे हा घरगुती धंदा झाला, पूर्वी पुरुष दुकानात जाऊन पीत, आता घरातच बनू लागल्यामुळे बायका-मुलांपर्यंत ती पोचली आणि गुन्हेगारी वाढली, असा त्याचा आशय आहे. बंदीने बुडणारा महसूल शिक्षणासारख्या कामांना हवा, हाही मुद्दा होता. म्हणजे बाबासाहेबांनी घरगुती दारूचे गोडवे गायले नाहीत आणि पोलिसी बंदीचेही गायले नाहीत. पाच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात, त्याच बाबासाहेबांनी लाखो लोकांना मद्य न पिण्याची प्रतिज्ञा दिली. काहींना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. राज्याने दंडुक्याने जे होत नाही ते करू नये आणि माणसाने स्वतःच्या निश्चयाने जे होते ते जरूर करावे, अशी ही एकच भूमिका आहे.

रसायन आणि वॉर्ट

आजचे चित्र काय आहे? मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. तेव्हापासून पोलिसांच्या धाडीची बातमी एकाच साच्यात छापून येते : अमुक वस्तीत छापा, इतके लिटर कच्चे रसायन जागेवर नष्ट, महिलेवर गुन्हा दाखल. हे 'रसायन' म्हणजे बहुतेक वेळा पाण्यात आंबवलेला गूळ. उच्चभ्रू सोसायटीतल्या स्वयंपाकघरातल्या बादलीत तेच आंबणे चालते, तेव्हा त्याला वॉर्ट म्हणतात आणि त्याचा फोटो निघतो. कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे. धाड मात्र वस्तीवर पडते, बहुतेकदा अशा विमुक्त समाजाच्या वस्तीवर की ज्याच्यावर 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो शिक्का कायद्यातून 31 ऑगस्ट 1952 ला पुसला गेला, पोलीस ठाण्याच्या डोक्यातून गेला नाही.

विषारी दारूचे बळीही आपलेच. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली. धान्य किंवा गूळ आंबवल्याने अशी माणसे मरत नाहीत. कारखान्यासाठी आलेले मिथेनॉल दारूत मिसळले जाते, तेव्हा मरतात. स्वस्त नशा विकणारी साखळी वस्तीत संपते, पण सुरू होते ती वस्तीबाहेर. बिहारमध्ये 2016 पासून संपूर्ण दारूबंदी आहे आणि 2024 मध्ये पाटणा उच्च न्यायालयालाच म्हणावे लागले की या कायद्याची झळ गरिबांना बसते आणि बड्यांवरचे खटले त्या मानाने फार थोडे आहेत.

मग आपण काय म्हणायचे? काही तरुण म्हणतात, गोमांसावरच्या बंदीला विरोध केला तसा इथेही करा, आमचे खाणे-पिणे आमचे. आम्ही त्यांना सांगतो की तुलना अर्धीच बरोबर आहे. दोन्ही ठिकाणी सोवळ्याच्या नावाने गरिबाच्या ताटावर आणि धंद्यावर हात टाकला जातो, तिथवर ती बरोबर. पण मांसाने घर मोडत नाही, दारूने मोडते, आणि मोडलेले घर सावरते ती बाई. महाराष्ट्रात ज्या गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली तिथे सोवळे-ओवळे नव्हते. रोजंदारीचा पैसा आणि पाठीवरचे वळ होते. त्या बायकांच्या मताचा आम्ही आदर करतो, कारण तो निर्णय त्यांचा आहे.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. धाडींचा हिशेब जाहीर व्हावा : किती वस्त्यांवर, किती बंगल्यांवर. मिथेनॉलचा माग कारखान्याच्या दारापर्यंत जावा. आंबवलेल्या पारंपरिक पेयांविषयीचा निर्णय आदिवासी ग्रामसभांनी घ्यावा, सहाव्या अनुसूचीने दाखवलेल्या वाटेने. अबकारीचा पैसा कुठे जातो, हा 1927 चा प्रश्न दर अर्थसंकल्पाच्या दिवशी विचारला जावा.

आणि परदेशात, जिथे कायद्याची आडकाठी नाही तिथे, माल्टचा डबा उघडणाऱ्या आपल्या भावाबहिणींना एवढेच. किण्वनाचे शास्त्र जरूर शिका. ते आपल्याच कष्टकरी बायकांचे शास्त्र आहे, त्याची लाज धरू नका. पण प्रतिज्ञा घेतली असेल तर ती पोलिसाला दिलेली नाही, स्वतःला दिली आहे. आणि घेतली नसेल तरी त्या छंदाचा फोटो टाकण्याआधी, त्याच आंबलेल्या गुळासाठी तारखेमागून तारखा खेटणाऱ्या बाईचा खटला कोण लढवतो आहे, ते विचारा. तिला वकील मिळवून देणे हे आपले काम आहे.

जय भीम.